असभ्य शब्दांचा तास

अंधेरीच्या एका संस्थेत संघमित्रा बोलणं-चालणं शिकवते. हॉटेलात, विमानात, बँकेच्या काउंटरवर उभं राहायचं तर कसं हसावं आणि किती हसावं, हेही हल्ली शिकवावं लागतं.

दर नव्या तुकडीचा पहिला तास तिचाच. तो तिने स्वतः रचलेला. इंग्रजीत माणसाला असभ्य ठरवणारे शब्द ती एकेक करून फळ्यावर लिहायची आणि त्यांची जन्मकथा सांगायची. ‘व्हल्गर’ म्हणजे मुळात नुसतं सामान्य लोकांचं. लॅटिनमध्ये रयतेसाठी जो शब्द होता, त्यातून आलेलं. ‘व्हिलन’ हा बिचारा जमीनदाराच्या मळ्यावर राबणारा गडी. ‘बूर’ म्हणजे शेतकरी. ‘रूड’ म्हणजे कच्चं, अजून हात न फिरलेलं. यातल्या कुणी चोरी केली नव्हती की कुणाचा गळा कापला नव्हता. गुन्हा एवढाच की हे लोक राबत होते आणि शब्दांना अर्थ देणारे बसून खात होते. आपला ‘गावंढळ’ तरी वेगळं काय सांगतो, असं ती शेवटी विचारायची. पोरं हसायची, टाळ्या वाजवायची. संस्थेच्या मालकीणबाई माधुरी मॅडम पाहुण्यांना मुद्दाम हा तास दाखवायला आणायच्या.

त्या तासाचं मूळ होतं तिच्या घाटकोपरच्या शाळेत. मोठ्याने बोलते म्हणून इंग्रजीच्या बाईंनी तिला भर वर्गात ‘व्हल्गर’ म्हटलं होतं. आता घरात सगळेच मोठ्याने बोलायचे, त्याला ती काय करणार? आई द्रौपदी स्टीलचे डबे ठोकणाऱ्या कारखान्यात कामाला होती. यंत्रांच्या खडखडाटात तिचे कान अर्धे गेले आणि चढलेला आवाज काही खाली उतरला नाही. अर्थ माहीत नसलेली ती शिवी घेऊन पोर घरी आली आणि पार एम.ए. होईपर्यंत त्या शब्दाच्या मागे लागली. मूळ सापडलं तेव्हा तिला वाटलं, आता आपल्याला कुणी काही म्हणू शकत नाही. शिकलेल्या माणसाला असले भ्रम होतात.

या वर्षी संस्थेची बोरिवलीला शाखा निघाली. तिथली प्रमुखाची जागा संघमित्राची, हे सगळेच धरून चालले होते. द्रौपदीने तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं. मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं, कॉफी मागवली आणि जागा मिहिरला दिल्याचं सांगितलं. मिहिर तिच्याच हाताखाली तयार झालेला.

“तुझं नॉलेज टॉपच आहे गं,” मॅडम म्हणाल्या. “पण तू रंगात आलीस ना, की आवाजात तो रांगडेपणा येतो. क्लायंटला खटकतो.”

मग त्यांनी आणखी एक काम सांगितलं. असभ्य शब्दांचा तो तास मिहिरला नीट शिकवून ठेवायचा. बोरिवलीत तो घेईल.

इतक्या वेळा तो तास मागे उभं राहून बघितलेल्या या बाईने तो एकदाही ऐकला नव्हता. संघमित्राला हे तिच्या तोंडावर सांगायचं होतं. पण सांगायला गेली असती तर आवाज चढला असता आणि मॅडमचं म्हणणं तिथल्या तिथे खरं ठरलं असतं. ती थँक यू म्हणून बाहेर पडली.

घरी पोचली तेव्हा दार उघडंच होतं. आईने सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, झालं का गं काम? संघमित्रा काहीतरी पुटपुटली. द्रौपदीने कानामागे हात धरला. संघमित्राने पुन्हा सांगितलं, तरी पोचलं नाही. तेव्हा मात्र दिवसभर दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं.

“नाही दिली जागा, आई. आपण रांगडे आहोत म्हणून नाही दिली.”

द्रौपदीला या वेळी शब्दन् शब्द ऐकू आला. तिने आधी उठून दार लावून घेतलं. मग जन्मात कधी काढला नव्हता इतका बारीक आवाज काढून ती म्हणाली,

“हळू बोल गं. लोक ऐकतात.”