लविनाची खुर्ची

आमच्या शेजारच्या लविना टटलला मळणीच्या दिवसांत बसून जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. आयोवात आमच्याकडे रीतच तशी. मळणीचं यंत्र ज्याच्या शेतावर, रांधणं त्याच्या बायकोकडे. आम्ही शेजारणी हाताशी जायचो. पुरुष आधी बसायचे, आम्ही वाढायचो, आणि मग चुलीशी उभ्यानंच उरलंसुरलं गारढोण पोटात ढकलायचो. संध्याकाळी लविनाचे पाय बुटात मावायचे नाहीत.

एका उन्हाळ्यात आमच्याच गावचा ऑर्सन बॉस्टनहून आला. तिकडे जाऊन लेखक झाला होता. टटलांच्या मळणीला पेंढ्या उचलायला लागला. बोलायचा कमी, बघत बसायचा जास्त.

हिवाळ्यात त्याची गोष्ट मासिकात छापून आली. आम्ही गोधडी शिवायला जमलो होतो. मी अक्षरं लावत बसले तर वर्ष जाईल, म्हणून शाळामास्तरांच्या हॅटीनं मोठ्यानं वाचली. तोवर गोष्टींत आम्हाला उमराव भेटायचे, उठल्यासुटल्या घेरी येणाऱ्या नाजूक पोरी भेटायच्या. इथं चूल होती, माशा होत्या आणि सुजल्या पायांवर उभं राहून गार बटाटा खाणारी बाई होती. नाव दुसरं, बाकी लविनाच.

"लग्न नाही, कुणी मरतही नाही. ही कसली गोष्ट?" हॅटीची आई म्हणाली.

"हल्ली असंच लिहितात, आई. आहे तसं."

"आहे तसं माझ्या घरात फुकट आहे," मी म्हटलं. "मेल्यानं माशा तरी गाळायच्या."

लविनाची सुई थांबली होती. "त्याला बटाटा दिसला," ती म्हणाली. "ईनसला अजून दिसलेला नाही." ईनस तिचा नवरा. मग हळूच म्हणाली, "हॅटी, मासिक नेऊ का गं? एकदा तरी त्या सगळ्यांबरोबर बसून गरम जेवायचंय मला."

तिनं ते ईनसच्या दाढीच्या आरशाखाली ठेवलं. त्यानं वाचलं की नाही, कुणास ठाऊक.

पुढच्या मळणीला सगळे पानावर बसले, तशी ईनसनं शेजारी एक खुर्ची ओढली. "बस."

लविनानं हात पुसले आणि बसली. पुरुष आपापल्या ताटात बघत राहिले. तिनं वाफाळता बटाटा फोडला, लोणी घातलं.

"काकू, कॉफी?" टोकाहून कुणीतरी रिकामा कप पुढे करत म्हणालं, सवयीनं.

आमचे हात ताटांनी भरलेले. ईनस उठला, स्वयंपाकघरभर बघून आला. "किटली कुठं असते गं?"

"चुलीवर," मी म्हटलं. "लग्न झाल्यापासून तिथंच आहे."

तो परत चुलीकडे गेला आणि उघड्या हातानं किटली धरून पोळला. लविना उठली. त्याच्या हाताला लोणी लावलं, सगळ्यांना कॉफी ओतली, आणि येऊन बसली तोवर बटाटा गार झाला होता. तसाच खाल्ला तिनं.

त्यानंतर दर मळणीला ती खुर्ची मांडलेली असायची. लविना कधी बसायची, कधी तिच्यावर सफरचंदाच्या पाईंचं ताट ठेवायची.