बोंडावरचे ठिपके

डाळीतले खडे घरच्यांच्या दाताखाली यायला लागले, तेव्हा मी मोताळ्याच्या आठवडी बाजारात चष्मेवाल्या चाचांपुढे जाऊन बसले. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. प्रत्येक चष्मा ते आधी सदऱ्याच्या टोकाने पुसत आणि मग गिऱ्हाइकाच्या नाकावर अलगद ठेवत.

अक्षरांचा तक्ता त्यांच्याकडे नव्हता. "आधी काडीकचऱ्याचा कापूस देत होतो साफ कराले," ते सांगू लागले. "पण आपल्या बाया डोये मिटूनही कापूस साफ करतात. साऱ्याइले पह्यलाच चष्मा जमे!"

म्हणून आता ते कपाशीचं हिरवं बोंड हातात देत. त्यावरचे बारीक काळे ठिपके दिसले की नंबर जुळला.

तिसऱ्या चष्म्यातून मला ठिपके दिसले, आणि त्यांच्यामध्ये एक भोकही.

"चाचा, याला तर अळी लागलीय."

"बीटी हाय ते, ताई, त्याले अळी लागत नाही. मह्याच वावरातलं." त्यांनी हात लांब केला, मान मागे नेली, तरी दिसेना. मग माझ्या नाकावरचा चष्मा काढून त्यांनी स्वतः लावला आणि बराच वेळ बोंड फिरवून पाहिलं. सगळ्या बाजाराला चष्मे विकणाऱ्या या माणसाच्या नाकावर मी कधी चष्मा पाहिला नव्हता.

"बरं झालं आजच दिसलं," ते शेवटी म्हणाले. "फवारून बाकीचं वाचवता येईन."

मी चष्म्यासाठी हात पुढे केला. त्यांनी मला तसाच दुसरा शोधून दिला.

"हा नाही भेटनार," नाकावरचा सावरत ते हसले. "हा मह्या नंबरचा हाय."