जानेवारीत पाहिलेली जागा

दिनकरकाका गेल्याची बातमी मला बँकेच्या खिडकीवर कळली. दुकानाचे चेक भरायला मी सकाळी गेले होते, तर खिडकीमागची मारिसेल शिक्का मारता मारता थांबली आणि म्हणाली, "यू नो अबाउट मिस्टर डी, राइट?" मला काहीच माहीत नव्हतं. आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला तो तासाभराने. निवृत्त होऊन दहा वर्षं झालेल्या माणसाची बातमी त्याच्या बँकेला आधी कळली, याचं मला तेव्हाही नवल वाटलं नाही. मारिसेल डोळे पुसत सांगत होती, की खोटी नोट बोटांना कशी कळते, हे तिला आजवर फक्त त्यांनीच विचारलं होतं. नुसतं विचारलं नाही, तर डोळे मिटून तिच्याकडून शिकूनही घेतलं होतं...

कॅनडात विनिपेगच्या आमच्या भागातली ही बँक छोटी. घरगुती बचत खाती आणि आसपासचे लहान दुकानदार, एवढाच तिचा पसारा. सांगलीहून इंजिनिअर होऊन आलेल्या काकांनी तिथे चार महिन्यांपुरती म्हणून कॅशियरची नोकरी धरली आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. एवढं शिकून हे काय, असं लोक म्हणायचे. मला वाटतं, इतक्या वेगवेगळ्या माणसांना हक्काने प्रश्न विचारता येतील अशी दुसरी नोकरी त्यांना सापडलीच नसती. न्हाव्याला ते विचारायचे, कापलेले केस शेवटी जातात कुठे. बेकरीवाल्याला विचारायचे, पाव भाजला हे वासावरून कळतं की रंगावरून. मी नागपूरहून नवीन आले आणि खातं उघडायला गेले, तेव्हा त्यांनी फॉर्म बाजूला सरकवला आणि मला विचारलं, "नागपूरच्या उन्हात सांडगे वाळतात. इथे काय करणार?" मी म्हटलं, "बेसमेंटमध्ये फर्नेसच्या गरम हवेच्या झरोक्यासमोर ताट ठेवणार." त्या रविवारी ते नलूकाकूंना घेऊन सांडगे बघायला घरी हजर! तिथून आमचं जमलं.

पुढे त्यांच्याकडे छोट्या धंद्यांना कर्ज देण्याचं काम आलं. कर्जाआधी जागा बघून यायची, असा बँकेचा नियम होता. बाकीचे लोक गाडीतून उतरायचेसुद्धा नाहीत. काका मात्र घडीचं स्टूल आणि चहाचा थर्मास घेऊन त्या दुकानासमोर फुटपाथवर तासभर बसायचे. बर्फ असो, ऊन असो. "हे पुन्हा स्थळ बघायला निघाले," असं नलूकाकू म्हणायच्या. काय बघता, असं मी एकदा विचारलं होतं. "काही नाही गं, लोक कुठून येतात, कुठे थांबतात, कशाकडे बघतात... ते बघतो."

मला पोळी-भाजी, फरसाण आणि चहाचं दुकान काढायचं होतं. जुलैमध्ये एका रुंद रस्त्याच्या कोपऱ्यावरची रिकामी जागा सापडली. समोरच बस स्टॉप, साडेनऊपर्यंत उजेड, हातात आइस्क्रीम घेऊन चाललेली माणसं. मी तर पाटीचा रंगसुद्धा ठरवून टाकला. काका आले, स्टूल मांडून बसले, माझ्या हातचा चहा प्यायले. मग म्हणाले, "ही जागा जानेवारीत बघितलीस का?"

"काका, जागा काय जानेवारीत पळून जाणार आहे?"

"जागा नाही जाणार. माणसं जातील. दार उत्तरेकडे आहे. इथे तीन महिने सावली, बर्फ आणि वारा. एक हिवाळा थांब, मी बसून बघतो."

जागेचा मालक थांबायला तयार नव्हता. ऑगस्टअखेर त्याला उत्तर हवं होतं. ऑगस्टमध्येच बँकेचं पत्र आलं, अर्ज नामंजूर. मी तशीच तडक बँकेत गेले. काका खुर्चीतून उठले, "बस" म्हणाले, पण मी बसले नाही. सगळ्यांसमोर मराठीत म्हटलं, "परक्यांनी दिलं असतं. आपल्याच माणसाने पाय ओढले." काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टेबलावरचं पेन उचलून पुन्हा तिथेच ठेवलं. त्यांचा तो चेहरा मला आजही दिसतो. माझा स्वभाव तापट आहे, पण तापट माणसालाही आपण काय बोललो ते कळत असतं.

गणपतीत शाळेच्या हॉलमध्ये ते समोरून आले, तर मी आरतीच्या ताटात काहीतरी शोधत बसले. फेब्रुवारीत एका शनिवारी ते एकटेच दारात उभे राहिले, मिशांवर बर्फ, नाक लालबुंद. "त्या जागेबद्दल बोलायचं होतं," म्हणाले. मी त्यांना आतसुद्धा बोलावलं नाही. म्हटलं, "काका, तो विषय आता संपला." ते "बरं" म्हणाले आणि आल्या पावली परत गेले. उणे तीसमध्ये आलेल्या माणसाला मी दारातून परत पाठवलं, हे लिहितानाही लाज वाटते.

मार्चमध्ये बँकेतल्या दुसऱ्याच कुणाचा फोन आला, तुमचा अर्ज आम्हाला पुन्हा बघायचा आहे. कोपऱ्यावर तोवर फोन दुरुस्तीचं दुकान आलं होतं. मी दोन रस्ते पलीकडची आताची जागा घेतली आणि कर्ज मंजूर झालं. मनात म्हटलं, बघा, नवीन माणूस आला आणि काम झालं! दुकान उघडलं त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणून काका आले. मग दर शनिवारी येत राहिले. बाकरवडी मऊ का पडते, वाफाळता चहा लोक दारात पितात की आत, असं काहीबाही विचारत बसायचे. आम्ही पुन्हा बोलू लागलो, हसू लागलो. पण ते वाक्य मी कधी मागे घेतलं नाही. इतकी वर्षं गेली, त्यांनी मनावर घेतलं नसेल, अशी मी माझीच समजूत घालत राहिले.

पंधरा दिवसांपूर्वी नलूकाकूंनी बोलावलं. बेसमेंट आवरत होत्या. म्हणाल्या, "तुला काही हवंय का यांचं?" मी कोपऱ्यातल्या घडीच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. काकू हसल्या. "ने. तुझ्या कोपऱ्यावर जानेवारीत चार शनिवार बसले होते त्याच्यावर. पाय असे गारठायचे की रात्री मी शेकून द्यायचे."

मला काही कळेना. "जानेवारीत? पण काकू, अर्ज तर ऑगस्टमध्येच नाकारला होता."

"म्हणूनच ना! हिवाळ्यात न बघता नाही म्हटलं, तेच खात होतं त्यांना. म्हणाले, माझं बरोबर होतं की चूक, हे मला बघायलाच हवं. बसची वाट बघणारे लोक थर्मासकडे टक लावून बघायचे. शेवटच्या शनिवारी सगळा चहा त्यांनाच वाटला आणि घरी येऊन म्हणाले, नलू, चुकलं माझं. पोरीचं दुकान चाललं असतं. मग मॅनेजरला तसं लिहून दिलं, म्हणाले, पुढचं दुसऱ्या कुणीतरी बघा. तुला सांगायलाही आले होते की गं..."

मी स्टूल मांडीवर घेऊन बसून राहिले. मला खूप रडू आलं. चूक कबूल करायला आलेल्या माणसाला मी दारातच थांबवलं होतं, आणि माझी चूक मात्र दहा-बारा वर्षं, दर शनिवारी, त्यांना चहा देता देता गिळून टाकली होती.

परवा शनिवारी दुकान उघडायच्या आधी स्टूल आणि थर्मास घेऊन मी त्या कोपऱ्यावर गेले. वारा खरंच तोंडावर येतो, काका म्हणाले होते तसाच. दार सावलीत, फुटपाथवर बर्फाचा थर. मी चहा ओतला, तशी स्टॉपवरची तीन-चार डोकी वळली. एक बाई हात चोळत जवळ आली, म्हणाली, "इज दॅट फॉर सेल?" मी झाकणात चहा ओतून तिला दिला. दोन्ही हातांनी धरून ती तो प्यायली, तिने स्टुलाकडे पाहिलं, आणि रोज इथे बसतेस का, असं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "माझे काका बसायचे."