धुतलेला एप्रन

काळेवाडीच्या किसननं उभं आयुष्य गाड्यांचे भाग बनवण्यात घालवलं, पण एकाही कंपनीनं त्याला आपला म्हटलं नाही. सात महिने झाले की ब्रेक. ब्रेक म्हणजे घरी बसायचं, कारण सलग ठेवला तर गडी परमनंट करा म्हणेल ना! मग दुसरं गेट, दुसरा ठेकेदार, दुसरा युनिफॉर्म. आणि जुना युनिफॉर्म धुऊन, इस्त्री करून परत द्यायचा. काय म्हणावं या लोकांना? माणसाला पिळून घ्यायचं ते घ्यायचं, वर कपडेही स्वच्छ पाहिजेत!

ते धुणं किसनच्या बायकोकडे, भिमाबाईकडे असायचं. कंपनीवाल्यांना बोलायला जागा नको म्हणून ती कॉलर घासघास घासायची. लेक अंजली तिथंच अभ्यासाला बसलेली असे. मोरीतून साबणाचा वास आला की तिला कळायचं, उद्यापासून बाबा घरी. त्या वासानं पोरीची भूकच मरायची.

हीच अंजली डिप्लोमा करून चाकणला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत लागली, सुपरवायझर झाली. कंपनीनं तिला केनियातल्या थिका गावी नवी शेड उभारायला धाडलं आणि थोड्याच काळात तिथलं काम गुंडाळलं. बाकीचे परतले. अंजली परतली नाही. परका मुलुख, एकटी बाई, नातेवाइकांनी कपाळावर हात मारून घेतला. हिनं तीच शेड भाड्यानं घेतली, मोटरसायकलींच्या वायरिंगची स्वतःची कंपनी काढली आणि तिथल्याच बायका कामाला लावल्या.

भांडवल घातलं चाकणजवळच्या निघोज्याच्या शेखरनं. जमिनी कंपन्यांना गेल्यावर त्याच्या घरात पैसा आलेला, शिवाय चाकणच्या कंपन्यांना तो कामगार पुरवायचा. थोडक्यात, किसनसारख्यांना ब्रेक देणं हाच त्याचा धंदा. अंजलीला हे माहीत नव्हतं असं नाही. पण बँका दारात उभं करेनात, मग जाणार कुणाकडे?

कंपनी सुरू होऊन सातवा महिना भरत आला तसा शेखर विमानानं थिक्यात हजर. सगळ्या बायकांना पंधरा दिवस घरी बसवा आणि मग नव्यानं घ्या, असं त्याचं म्हणणं. "अंजलीताई, माणसं कायमची झाली की डोक्यावर बसत्यात. धंदा हाय हा." ऐकलं नाही, तर वायरींना टोकं बसवायचं मशीन तो उचलून नेणार होता. मशीन त्याच्याच पैशांचं. ते गेलं की ऑर्डर जाणार आणि कंपनीही बसणार. अंजली दोन दिवस भांडली, आणि शेवटी तिनं ब्रेकच्या कागदावर सही केली. हो, किसनच्या लेकीनं सही केली.

शुक्रवारी काम थांबलं. शनिवारी सकाळी बायका राहिलेला पगार घ्यायला आल्या, तेव्हा शेखरही तिथंच बसला होता. सगळ्यांच्या पुढे वांजिरू, कामाला सगळ्यात चलाख. तिनं आपला निळा एप्रन अंजलीच्या टेबलावर ठेवला. धुतलेला, इस्त्री केलेला, नीट घडी घातलेला. अंजलीनं मागितलासुद्धा नव्हता. हा कशाला आणलास, असं विचारलं, तर वांजिरू म्हणाली की आधीच्या सगळ्या कंपन्यांत परत द्यावा लागायचा, म्हणून सवयीनं आणला.

एप्रनला साबणाचा वास येत होता.

अंजलीचं डोकं सणकलं. राग शेखरचा होता, पण त्याहून जास्त स्वतःच्या सहीचा होता. तिनं तो कागद उचलून टराटरा फाडला. एप्रनची घडी मोडली आणि तो स्वतःच्या हातांनी वांजिरूच्या कमरेला बांधला.

"शेखरभाऊ, मशीन घेऊन जा. या बायका कुठं जाणार नाहीत."

शेखर हसला. हातानं किती वायरी जोडणार, म्हणाला.

"जमतील तेवढ्या. माझ्या बापाला तुमच्यासारख्यांनी आयुष्यभर घरी पाठवलं. माझ्या दारात ब्रेक नाही."

शेखरही बोलल्यासारखा वागला. सोमवारी मशीन गेलं, पाठोपाठ अर्धी ऑर्डर गेली. उरलेली अर्धी बायकांनी वायरींची टोकं हातपकडीनं दाबून दाबून पुरी केली आणि त्यांच्या रांगेत मालकीणही बसली. सगळ्यांच्या तळहातांना फोड आले, पण कामावरून एक बाई कमी झाली नाही. कंपनी अजून चालू आहे. रडतखडत का होईना, चालू आहे.

मशीन गेल्यानंतरच्या रविवारी अंजलीनं शेडमधूनच काळेवाडीला फोन लावून सगळं सांगितलं, सहीसकट. किसननं फोन स्पीकरवर टाकून भिमाबाईलाही ऐकवलं. मग त्यानं फोन तिच्या हातात दिला. भिमाबाईनं कंपनीचं काही विचारलं नाही, मशीनचंही नाही. त्या वांजिरूचा एप्रन आता कुठं आहे, एवढंच विचारलं.

"तिच्याच अंगावर आहे, आई. पार मळलाय."

"मग धू म्हणावं," भिमाबाई म्हणाली. "पण उद्या घालायला धू म्हणावं."