टांगा भजन

भजनी मंडळात देव किती भेटतो ते ठाऊक नाही, किस्से मात्र दर गुरुवारी भेटतात. दारव्ह्याच्या आमच्या मंडळात मी झांज वाजवतो. झांजवाल्याला काम कमी आणि इकडेतिकडे बघायला वेळ भरपूर, म्हणून सगळे किस्से माझ्याकडेच साचलेत!

*

मंडळाचा जीव खंजिरीत, आणि खंजिरी महादेवकाकांची. वाजवणाऱ्याच्या ढंगाला काका ‘हात’ म्हणतात. कुठूनही खंजिरी कानावर आली की त्यांचा प्रश्न ठरलेला, "हात कोनाचा हाये?"

दुसरी ठरलेली गोष्ट चहाची. भजन संपलं की पहिला कप खंजिरीवाल्याला. नगराध्यक्ष आले तरी त्यांना दुसरा!

*

तरुण पोरं भजनाला येईनात, म्हणून लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा आमचा दिनेश एका गुरुवारी कीबोर्ड घेऊन आला. त्यात तयार ठेक्यांची बटणं. भलतंच बटण दाबलं गेलं आणि अभंगाखाली अडखळत, ऐटीत चालणारा एक ठेका सुरू झाला. पण काय सांगू, चाल त्यात बसली की हो!

काका खंजिरी मांडीवर ठेवून ऐकत राहिले. "हात कोनाचा हाये?"

"कोनाचाच नाही काका, मशीन हाये," दिनेश म्हणाला. "टँगो म्हनतात या ठेक्याले."

"टांगा? मंग घोडा लंगडून राह्यला तुमचा!"

चहा आला. काकांनी पहिला कप उचलून सरळ कीबोर्डवर ठेवला. "आज यानं वाजवलं. पाजा याले!"

दिनेशनं झडप घालून कप उचलला, नाहीतर टँगो तिथंच बुडाला असता. आम्ही पोट धरून हसलो. काका हसले नाहीत.

*

नाव मात्र चिकटलं. आर्णीच्या कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर कोणीतरी चक्क ‘टांगा भजन’ छापलं. एक बाई लेकराला कडेवर घेऊन मंडपाला वळसा घालून आली आणि मलाच विचारते, "भाऊ, टांगा कुठी हाये? लेकरू बसतो म्हन्ते!"

*

हा टँगो मुळात आहे तरी काय, हे कुतूहल मला गप्प बसू देईना. मोबाइलवर शोधलं. दूरदेशीचं जुनं नाचाचं संगीत. आणि गंमत म्हणजे, तिकडच्या पोरांनीही त्यात इलेक्ट्रॉनिक आवाज घातलेले! एक व्हिडिओ काकांना दाखवला. त्यात एक म्हातारा भात्याची पेटी मांडीवर घेऊन बसला होता, शेजारी लॅपटॉपवर एक मुलगी.

काका डोळे बारीक करून बघत होते. "बुढा पेटी पिळून राह्यला मस्त. पन या पोरीनं हे टुंगटुंग टाकलं, ते बुढ्याले इचारून टाकलं का?"

मला कुठलं ठाऊक! पण प्रश्न डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी दिनेश आणि मी काकांच्या घरी गेलो आणि रीतसर विचारलं, "काका, तुमचा हात मशीनमंधी भरू का?"

काकांनी बराच विचार केला. "दुखते का?"

*

रेकॉर्डिंग दिनेशच्या घरी, खिडक्यांना गाद्या लावून. ताल सुटू नये म्हणून हेडफोनमध्ये टकटक लावलेली. काकांनी हेडफोन काढून फेकला. "कानात कोन टकटक करून राह्यलं? त्याले म्हना, माह्या मांगून चाल!"

शेवटी टकटक बंद केली आणि मशीनच काकांच्या मागून चालवलं.

*

दिवाळीनंतर काकांना लकवा मारला. बोलणं शाबूत राहिलं, उजवा हात गेला. त्यांनी भजनाला येणं सोडलं. बोलवायला गेलो तर म्हणाले, "हातच नाही तं कायले येऊ? दुसरा कप प्याले?" मला फार वाईट वाटलं. त्यांच्या दारावरून जाणंच मी टाळू लागलो.

एका गुरुवारी मात्र दिनेशनं ऐकलं नाही. काकांना मोटरसायकलवर मध्ये बसवलं, मागून मी धरलं, आणि आणलंच. काका भिंतीला टेकून बसले. मान खाली.

बुवांनी अभंग उचलला. दिनेशनं बटण दाबलं. खंजिरी बोलू लागली.

काकांची मान वर झाली. "हात कोनाचा हाये?"

माझी झांज हातातच राहिली.

"तुमचाच, काका," मी म्हणालो.

अभंग संपेपर्यंत काकांचा डावा हात मांडीवर चालू होता. मग चहा आला. दिनेश ट्रे घेऊन बुवांकडे वळला.

"काहून बे दिन्या, तिकडं कुठी चालला? पह्यला कप इकडं आन!"