तारण ठेवलेली दगडाची बाई

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकत असेल. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. कोणाच्या हाती हे लागले तर रागावू नये.

विरूपाक्ष मास्तर दुधनीकडचे. शाळेत ड्रॉइंग शिकवीत आणि आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत एकटे राहत. कोणतीही वस्तू, मग तो तांब्या का असेना, एक डोळा मिटून बघायची त्यांना सवय. समोरच्या काशीबाई म्हणत, "मास्तर निशाणा धरतोय गं, सरका." बायका पदराआड हसत. मी विधवा, दिवसभर विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरणारी. माझ्याकडे कोणीच बघत नसे, म्हणून मला हसू येत नसे.

मुंबईहून रंग मागवायला त्यांनी माझ्या साठवणीतले वीस रुपये घेतले. उगीच नको म्हणून तारण आणून दिले. वेळापूरच्या देवळातल्या एका मूर्तीचे तैलचित्र. रात्र, दगडाची बाई, खालून समईचा उजेड, हातातला आरसा फुटलेला. मला ती देवीच वाटली. सहा वर्षे बंद असलेला करंडा उघडून मी तिच्या कपाळाला कुंकू लावले. रंग ओला होता. कुंकू त्यातच बसले.

दुसऱ्या दिवशी मी ते मास्तरांना सांगून टाकले. मास्तरांनी एक डोळा मिटून पाहिले.

"राहू द्या की अक्का. देवी न्हाय ती, आरशात बघणारी बाई हाय. पण आता जागी झाली बघा."

मग म्हणाले, "दिवा खाली ठेवा. जवळ नुसता रंग हाय. लांब बसा, मग बाई येती."

तेव्हापासून काम आटोपले की मी चिमणी जमिनीवर ठेवून दाराशी बसे. जवळून निळेपिवळे फटकारे; दारातून गाल, खांदा, कोणी हाक मारल्यासारखी वळलेली मान. खोलीत आपण एकट्याच आहोत असे वाटेनासे झाले.

मास्तर दर पगाराला दोन रुपये आणून देत. घाई नाही, असे मी म्हणे. त्यांना ती माझी भीड वाटे. "तारण सोडवल्याबिगर झोप न्हाय, अक्का."

शेवटचे दोन रुपये घेऊन आले तेव्हा त्यांना परगावी नोकरी लागली होती, टांगा दारात होता. पैसे नकोत, चित्र राहू द्या, एवढेच मला म्हणायचे होते. सकाळपासून घोकले होते. पैसे हातात घेतले. उलट मीच चित्र जुन्या लुगड्यात गुंडाळून दिले.

टांगा हलला तेव्हा मास्तरांनी वळून, एक डोळा मिटून, माझ्याकडे पाहिले.

रात्री चिमणी सवयीने खालीच ठेवली. दोन रुपये डब्यात टाकले. वीसच्या वीस फिटले.