कुंभारणीचं घर

घटस्थापनेआधीची साफसफाई चालली होती. खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण माशीनं बांधलेलं मातीचं घर मी झाडूनं पाडलं. फुटक्या मातीत एक फिकट अळी वळवळत राहिली. शेजारी माझी सातवीतली मुलगी मोठ्यानं पाठांतर करत होती, "जैवविविधतेच्या ऱ्हासाची कारणे : जंगलतोड, शिकार, प्रदूषण."

मध्येच तिनं विचारलं, "आई, हे सगळं जंगलातच होतं ना?"

"हो," मी तिच्याकडे न बघताच म्हणाले.

वाघ गेला तर हळहळायचं, हे तिला आम्हीच शिकवलं. माशी गेली की घर स्वच्छ झालं, हेही आम्हीच.

मला केर काढता यावा म्हणून तिनं पाय वर घेतले. अळी सुपलीत गेली. तोवर तिची कारणं घडाघडा पाठ झाली होती. त्यात झाडू कुठेच नव्हता.